व्हॉल्व्ह आणायला गेले आणि दही लावून आले

आमच्या गॅलरीत एका वेळी एकच गोष्ट मावते. माझा ऑसिलोस्कोप किंवा प्रमोदचा झोपाळा. झोपाळा वर्षभर खोक्यात पडून होता. प्रमोद, म्हणजे माझा नवरा, रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खोक्यावर बसायचा आणि माझ्याकडे बघायचा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. ऑसिलोस्कोप म्हणजे वायरीतली वीज कशी वरखाली होते ते पडद्यावर हिरव्या रेघेने दाखवणारं यंत्र. माझा होता तो व्हॉल्व्हच्या जमान्यातला. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओत जे काचेचे दिवे असायचे, ते व्हॉल्व्ह. भंगारात पडलेला हा सांगाडा मी घरी आणला आणि चार वर्षं त्याच्यामागे घालवली. मोडीत निघालेले मीटर, सिग्नल जनरेटर, पॉवर सप्लाय विकत घ्यायचे, त्यांच्या पोटातून चांगले कपॅसिटर, रेझिस्टर, स्विच अलगद सोडवायचे आणि याला बसवायचे. असं करत करत तो जागा झाला. फक्त तापायचा फार, म्हणून मागे एक छोटा पंखा लावला. आणि मग आम्ही घर बदललं तेव्हा सामान हलवणाऱ्यांनी त्याची पुढची पिक्चर ट्यूब फोडली. त्यानंतर आतलं सगळं ठणठणीत चालतं, दिसत मात्र काहीच नाही.

“शेवटची ट्रिप,” प्रमोद म्हणाला. “ट्यूब मिळाली तर झोपाळा परत करतो. नाही मिळाली तर हे डबडं भंगारवाल्याला.”

मी हो म्हटलं, कारण माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता. इंटरनेटवर एक जाहिरात सापडली होती. ‘व्हॉल्व्ह टेस्टर विकणे आहे. चालू कंडिशन. कळस, ता. इंदापूर.’ फोटो नव्हता. व्हॉल्व्ह टेस्टर हे आता दुर्मीळ उपकरण आहे. व्हॉल्व्ह जिवंत आहे की मेलेला, ते सांगतं. असलं उपकरण ज्याच्या घरी आहे त्याच्या माळ्यावर माझी ट्यूब असणारच, असं मी धरून चालले. लगेच फोन लावला. पलीकडे भारदस्त आवाजाचे हनुमंतराव होते.

“सॉकेट सगळी आहेत का?” मी विचारलं.

“हायती की. बारीक, मोठी, सगळ्या मापाची सॉकिटं हायती.”

“लीकेज दाखवतं?”

“लगीच दावतंय. थेंबभर बी लपत न्हाय.”

“मीटर?”

“काच शाबूत, काटा मोकळा.”

“तुम्ही स्वतः व्हॉल्व्ह तपासलेत त्यावर?”

“अवो ताई, निम्म्या तालुक्याचं व्हॉल्व तपासल्यात म्या.”

फोन ठेवला तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. इंदापूर तालुक्यात कुणी एक माणूस गावोगावचे जुने रेडिओ जिवंत ठेवून बसला आहे, आणि आपल्याला पुण्यात पत्ता नाही. प्रमोदला मी हे जरा जास्तच रंगवून सांगितलं.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. ट्यूब मिळाली तर जागच्या जागी लावून बघता यावी म्हणून माझा स्कोप डिकीत गोधडीत गुंडाळून ठेवला होता. सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत जायचं, तिथून उजवीकडे बारामतीचा रस्ता धरायचा. रस्ता छान आहे, पण जानेवारीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. उसाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस, आणि मागे दिवा असेलच असं नाही. ओव्हरटेक करायची घाई करू नका. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात लावलेली असतात की हॉर्न वाजवून उपयोग नसतो, तो आपल्यालाच ऐकू येतो. वाटेत एका टपरीवर भजी-पाव खाल्ला. गरम होता, एवढंच म्हणेन.

बारामतीत माझ्या हट्टाने एका भंगारच्या आवारात थांबलो. माझा अनुभव असा की जिथे कारखाने तिथे मोडीत निघालेली टेस्टिंगची उपकरणं असतात. होतीही. एक सिग्नल जनरेटर पत्र्याच्या ढिगाखाली पालथा पडला होता. मी स्क्रू ड्रायव्हर काढून तिथेच मांडी घातली. आतल्या वायरी तांब्यासाठी कुणीतरी जाळून नेल्या होत्या आणि बाकी सगळं काजळलं होतं. एक अभ्रकाचा कपॅसिटर तेवढा वाचला होता, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. त्याचे पाय लांब ठेवून मी तो कापून घेतला आणि मालकाला किंमत विचारली. त्याने तो सळया तोलायच्या काट्यावर ठेवला. काटा ढिम्म.

“वजनच येत न्हाय ताई,” तो म्हणाला. “आनखी काय तरी घ्या संगट, म्हंजे हिशेब करता येईल.”

शेवटी प्रमोदने एक लोखंडी कढई घेतली. चांगली जाड आहे, घरी आजही वापरतो.

पुढे भवानीनगर, लासुर्णे आणि मग जंक्शन. हो, गावाचं नावच जंक्शन आहे. प्रमोदने रेल्वे कुठे आहे ते शोधण्यात बराच वेळ घालवला, आम्हाला तरी दिसली नाही. तिथून उत्तरेला वळलो की कळस. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच डाळिंबाच्या बागा, आणि घरांच्या भिंतींवर ठिबक सिंचनाच्या जाहिराती. या जाहिराती बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

हनुमंतरावांचं दुकान रस्त्यालाच होतं. समोर पाइपांचे ढीग, आत पाइपांचे ढीग, आणि पाइपांच्या ढिगात खुर्ची टाकून हनुमंतराव. त्यांनी आम्हाला मागे नेलं आणि एका यंत्रावरचं पोतं बाजूला केलं. खाली लोखंडी टाकी, तिला हातपंपाचा दांडा, वर गोल काचेचं प्रेशर मीटर. त्यांनी पाइपलाइनचा एक पितळी व्हॉल्व्ह त्याला जोडला आणि दांडा दाबायला लागले. मीटरचा काटा वर चढला. व्हॉल्व्हच्या बुडातून एक थेंब टपकन माझ्या चपलेवर पडला.

“बगा,” ते म्हणाले. “लीकेज.”

सॉकेट, मीटर, लीकेज, काच. फोनवर त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. शेतात पाणी सोडायचा जो कॉक असतो त्यालाही व्हॉल्व्हच म्हणतात, आणि या तालुक्यात दुसरा कुठला व्हॉल्व्ह असतो हे कुणाच्या स्वप्नातही नसतं. मी चपलेवरचा थेंब बघत उभी राहिले. प्रमोद गाडीत काहीतरी विसरल्याचं सांगून बाहेर गेला, आणि बराच वेळ बॉनेटला टेकून खांदे हलवत होता.

“तुमचं क्षेत्र किती हाय?” हनुमंतरावांनी विचारलं.

“आमची गॅलरी आहे,” प्रमोद दारातून म्हणाला.

मग मला सगळं सांगावं लागलं. डिकी उघडून स्कोप दाखवला. हनुमंतराव माणूस दिलदार. यंत्र विकलं जाणार नाही हे कळल्यावरही त्यांनी चहा मागवला, स्कोपच्या समोरच्या रिकाम्या गोल भोकात डोकावून बघितलं आणि म्हणाले, “असलं मशीन वालचंदनगरला आबांकडं हाय की. ते कंपनीत टेस्टिंगला व्हते. त्यांच्या मशीनला हितं हिरवी काच हाय. अजून चालू असतंय, थंडीत तर चोवीस तास.”

चोवीस तास. माझ्या अंगावर काटा आला. प्रमोदच्या अंगावर वेगळ्या कारणाने आला, कारण त्याला दुपारी भिगवणला मासे खायचे होते. मासे रविवारवर गेले.

परत जंक्शनवरून वालचंदनगर. कंपनीने वसवलेलं गाव आहे. सरळ रस्ते, मोठी झाडं, एका आकाराची क्वार्टर्स. आबांचं घर कॉलनीच्या बाहेर, निवृत्तीनंतर बांधलेलं. दारासमोरच्या ओट्यावर आबा बसले होते. कडक इस्त्रीची पँट, वर बनियन, दाढी घोटलेली. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी आबांना निरोपसमारंभात मिळालेलं मोठं घड्याळ. हनुमंतरावांनी फोन करून ठेवला होता, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

“मी टेस्टिंगला व्हतो,” आबांनी सुरुवात केली, आणि पुढे अर्धा तास त्यांनी टेस्टिंग खात्याचा दरारा वर्णन केला. साहेब लोक दार वाजवून आत यायचे म्हणे. जुनी उपकरणं लिलावात निघाली तेव्हा बाकीच्यांनी कपाटं आणि पंखे घेतले, आबांनी स्कोप घेतला. “सगळी हसली मला. म्हनली, आबा, ह्येचं काय करनार? म्या म्हनलं, बघत बसनार.”

“मग बघता का?” मी विचारलं.

आबा स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, “ते माईला इचारा.”

माई म्हणजे त्यांच्या घरातल्या. कमरेला पदर खोचून भाकरी थापत होत्या. स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला भिंतीशी स्कोप होता. पाठीवरच्या जाळीवर पातेलं, पातेल्यावर झाकण, झाकणावर चार पदरी टॉवेल. यंत्र चालू होतं. आतले व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले फटीतून दिसत होते. पडदा काळा होता, कारण ब्राइटनेसचं बटण शून्यावर नेऊन त्यावर चिकटपट्टी मारली होती.

“दही हाय,” माई म्हणाल्या. “थंडीत हितं दही लागत न्हाय. ह्याच्यावर ठेवलं की सकाळी ताठ. गल्ली विरजण न्यायला माज्याकडं येती.”

मी ऑसिलोस्कोपचे बरेच उपयोग वाचले आहेत. हा कुठे वाचला नव्हता. चिकटपट्टी का, असं विचारलं तर म्हणाल्या, “ती हिरवी रेघ सारखी नाचती. भाकरी करताना डोळ्याम्होरं कशाला?”

आता खरी गोष्ट बोलायला हवी होती. ट्यूब माझ्या स्कोपला बसणारी होती, मी बाहेरूनच ओळखली. आणि माझा मुद्दा बिनतोड होता. दह्याला उष्णता लागते, पडदा लागत नाही. मी फक्त पडद्याची ट्यूब काढून घेते, बदल्यात पैसे देते, तापायचं ते तापत राहील. शिवाय ट्यूबला लागणारा जबर दाबाचा वीजपुरवठाही मी बंद करीन, म्हणजे दुधाच्या पातेल्याखालचा धोका कमी होईल.

आबा माईंकडे बघायला लागले. माईंनी हात धुतले, पुसले आणि अट घातली. “पैशे नगंत. काडा तुमी. पन आज रातीचं दही लागलं पायजे. लागलं तर काच तुमची. न्हाय लागलं तर जशीच्या तशी परत बसवायची.”

“आणि तुम्ही हितंच ऱ्हायचं,” आबा म्हणाले. “लॉजबीज न्हाय.” (तुम्ही जाणार असाल आणि तुमच्याकडे आबा नसतील, तर राहायला बारामती बरी. लॉज भरपूर आहेत आणि खिशाला परवडतात.)

जेवण झालं. भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि आदल्या रात्रीचं दही. त्या दह्याबद्दल प्रमोद अजूनही बोलतो.

मग काम. ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांना कळकळीने सांगते, प्लग काढला म्हणजे यंत्र मेलं असं समजू नका. आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात. मी रबरी हातमोजे घातले, एक हात मागे ठेवला, आणि जाड रेझिस्टर लावलेल्या वायरीने ती साठलेली वीज हळूहळू उतरवली. तरीसुद्धा शेवटी एक ठिणगी चट्कन उडाली. प्रमोद दिवाणखान्यात पोचला. ट्यूबभोवतीची चिलखती पेटी सोडवली, मागचं सॉकेट हलवत हलवत ओढलं, आणि ट्यूब बाहेर आली. लांब मानेची, स्वच्छ, एक ओरखडा नाही. मी ती मांडीवर घेऊन बसले. माईंनी मला एक टॉवेल आणून दिला, बाळाला देतात तसा. मग जबर दाबाच्या भागातले व्हॉल्व्ह काढले, उघड्या वायरी बंद केल्या, झाकण लावलं आणि यंत्र सुरू केलं. माईंनी कोमट दुधात विरजण घालून पातेलं वर ठेवलं. टॉवेल घातला. आम्ही चौघेही ते टॉवेलचं गाठोडं थोडा वेळ बघत उभे राहिलो.

रविवारी सकाळी माईंनी झाकण काढलं, पातेलं तिरकं केलं. आतलं पांढरं पाणी काठापर्यंत सरळ वाहत आलं.

“न्हाय लागलं,” माई म्हणाल्या. आवाजात आनंद अजिबात नव्हता. उलट त्यांनी चमचाभर चाखून बघितलं, प्रमोदला चाखायला दिलं, कुठे काही आशा आहे का ते तपासलं. नव्हती. मी जे व्हॉल्व्ह काढले होते त्यांचीच ऊब कमी पडली होती. शब्द दिलेला होता. मी निमूटपणे पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ट्यूब, काढलेले व्हॉल्व्ह, सगळं परत बसवलं. बाहेर डिकीत माझा आंधळा स्कोप, आणि पुण्यात भंगारवाला. चार वर्षांचं काम किलोच्या भावाने जाणार होतं, आणि मला बाहेरच्या ओट्यावर बसून रडावंसं वाटत होतं. थोडं रडलेही.

प्रमोद शेजारी येऊन बसला. त्याला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही. त्याने विचारलं, “तुझं ते, तापतं ना?”

“तापतं.”

“ह्यांच्यापेक्षा जास्त?”

“म्हणून तर पंखा लावलाय.”

“मग पंखा काढ आणि तुझंच दे त्यांना. त्यांचं आपण नेऊ. त्यांना दिसण्याची गरज नाही, तुला तापण्याची.”

मला पहिल्यांदा रागच आला. एक ट्यूब मागायला आलेल्या बाईला हा अख्खं यंत्र द्यायला सांगत होता. त्यातल्या एकेका सांध्याला सोल्डरचा डाग मी दिलेला आहे. त्यात नाशिकच्या एका मीटरचा स्विच आहे, कोल्हापूरच्या पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर आहे, कोणता कपॅसिटर कुठून आला ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आबांचा स्कोप चांगला होता, पण तो माझा नव्हता. हे मी प्रमोदला सगळं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भंगारवाला हे विचारणार नाही. माई निदान रोज चालू करतील.”

मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि उठले.

माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आदी दही लावून बघू.” आबांच्या घरात सगळे प्रश्न शेवटी याच कसोटीवर येतात. डिकीतून माझा स्कोप आणला. पंखा काढला, पुढचं भोक पत्र्याने बंद केलं, जबर दाबाचा भाग पूर्ण तोडला, पेटीला नीट अर्थिंग दिलं, आणि प्लगमध्ये फ्यूज घातला. माईंना सांगून ठेवलं की दूध सांडलं तर आधी बटण बंद. गवळ्याचं ताजं दूध आलं. पातेलं वर चढलं.

वाट बघण्यात सकाळ गेली. आबांनी प्रमोदला गावभर फिरवलं आणि भेटेल त्याला “पुन्याचं पाव्हनं, दह्यासाटी थांबल्यात” असं सांगितलं. मी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. दर थोड्या वेळाने आत जाऊन टॉवेलला हात लावायचे, आणि माई माझा हात झटकायच्या. “हलवायचं न्हाय. लागताना हलवलं की मोडतंय.”

जेवायच्या वेळी झाकण निघालं. माईंनी पातेलं तिरकं केलं. काही हललं नाही. आणखी तिरकं केलं. मग चमचा उभा खोचला, तो उभाच राहिला.

“ताठ,” माई म्हणाल्या. “आमच्यापरीस ताठ.”

जीव भांड्यात पडला म्हणायला हा प्रसंग फारच योग्य होता. मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आता माझं यंत्र खरंच इथे राहणार होतं.

निघायच्या आधी आबा म्हणाले, “एकदा दावा मला. नेण्याआदी.”

त्यांचा स्कोप दिवाणखान्यात टेबलावर ठेवला. चिकटपट्टी काढली, ब्राइटनेस हळूहळू वर नेला. काळ्या काचेत आधी काहीच नाही, मग धुकट हिरवं, मग एक रेघ, आडवी. आबा खुर्ची पुढे ओढून बसले. मी त्यांच्या हातात प्रोबची वायर दिली आणि टोकाला बोट लावायला सांगितलं. त्यांना ते आठवतच होतं. घरातल्या वायरिंगची वीज आपल्या अंगात सूक्ष्म उतरत असते, ती रेघेत दिसते. आबांनी बोट टेकवलं आणि रेघ उठून नागमोडी चालायला लागली.

“टेस्टिंगला नवा मानूस आला की त्याला पैलं ह्येच दावायचो,” आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

माईंनी हात पुसत पुसत पुढे येऊन बोट लावलं. त्यांची लाट आबांच्या दुप्पट उंच उठली.

“ह्ये काय?” आबा म्हणाले.

“त्यांचा हात ओला आहे, म्हणून,” मी सांगितलं.

“म्हंजे बरुबर हाय की,” माई म्हणाल्या, आणि आबांनी पुन्हा बोट लावून बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन हात ओला करून आले. तरी कमीच आली. तो विषय त्यांनी तिथेच सोडला.

आबांचा स्कोप मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला. माझा स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला राहिला, टॉवेलखाली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गरम होता. माई म्हणाल्या, “नीट ठेवीन मी.” मला माहीत होतं की त्या ठेवतील.

परतीला कळसवरून डाळजच्या बाजूने हायवेला लागलो. भिगवणला प्रमोदची चिलापी झाली, तळलेली आणि रश्श्यात. दोघांचं पोटभर जेवण पाचशेच्या आत होतं, मसाला झणझणीत, पाणी जवळ ठेवा. धरणाच्या पाण्यात लांबवर रोहित पक्षी उभे होते. नाववाला जवळ नेतो म्हणत होता, पण मला स्कोपला गाडीत एकटा सोडवेना. त्यामुळे रोहितांबद्दल या ब्लॉगवर याहून जास्त माहिती मिळणार नाही, क्षमस्व.

घरी आल्यावर सोमवारी झोपाळा टांगला गेला. गॅलरी मोकळी झाली होती, आणि आबांचा स्कोप माझ्यापेक्षा आटोपशीर, तो माझ्या टेबलावर नीट मावला. करारानुसार झोपाळा परत जायला हवा होता, पण तो मुद्दा आम्ही दोघांनीही काढला नाही. आबांचा स्कोप उघडला तर आत सगळीकडे सायीचा वास होता. पुसून पुसून गेला नाही. रेघ मात्र सुरेख येते.

पण खरं सांगायचं तर मला पहिले काही दिवस त्याच्याशी जमलं नाही. सगळं काम तो निमूटपणे करतो, आणि आत माझं काहीच नाही. दुरुस्त करायलाही काही नाही. टेबलाशी बसले की हात उगाच माझ्या जुन्या यंत्राची बटणं शोधायचा. गुरुवारी राहवलं नाही म्हणून वालचंदनगरला व्हिडिओ कॉल लावला.

आबांनी उचलला. हॅलो नाही, काही नाही. “रेघ दावा.”

मी कॅमेरा पडद्याकडे वळवला. आबांनी चष्मा लावला, फोन इतका जवळ घेतला की मला फक्त त्यांची एक भुवई दिसत होती.

“जाड दिसतीय. फोकस करा.”

मी बटण फिरवलं. रेघ बारीक झाली.

“हां. आता बरुबर.” मग चष्मा काढून, “रोज लावता न्हवं?”

“रोज लावते,” मी म्हटलं. “आबा, माझं दाखवा की जरा. कसं आहे ते बघते.”

आबा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओटा दिसला, भिंत दिसली, टॉवेलचा कोपरा दिसला, आणि मग माईंचा तळहात सगळा पडदा भरून आला.

“आत्ता न्हाय,” माई म्हणाल्या. “लागतंय.”